बाहुल्या उशिरा बसल्या त्या वर्षीचा नाताळ

आज सकाळी सरोजाक्कांनी आपल्या नवरात्राच्या बाहुल्या आमच्या दोन घरांमधल्या भिंतीवर उन्हाला मांडल्या. लाल लाकडाचे राजाराणी, धान्याच्या पोत्यांमागे बसलेले शेट-शेटाणी, बासरी हरवलेला कृष्ण, आणि का कोण जाणे, पण दरवर्षी या राजदरबारात मानाने उभा राहणारा मातीचा एक पोलीस. पाऊस नुकताच उघडला आहे. ऊन अजून ओले आहे. अक्का एकेका बाहुलीचे तोंड फडक्याने पुसत होत्या, आणि मी भिंतीच्या अलीकडे, आमच्या वाफ्याशी, पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो.

"यंदा आमचंच उशीर झालं बघा, रायटर अण्णा," त्या म्हणाल्या. "मध्ये अधिक आला की नाही. एरवी एव्हाना बाहुल्या बसून उठल्या असत्या."

"ठाऊक आहे."

"मग पेरलं ना तुम्ही? आमच्या दारावर डोळा ठेवून बसला नाहीत ना?"

"गणपती गेले त्याच दिवशी पेरले."

"सरी, सरी, बरं केलंत." त्यांनी पोलिसाला खाली ठेवले आणि टाचा उंचावून भिंतीवरून आमच्या वाफ्यात पाहिले. "उगवलंय की छान! पण किती दाट ते! विरळणी करा आता. असं गर्दीत ठेवलं तर एकालाही अंग धरणार नाही."

मी मान हलवली. तांब्यातले पाणी ओतले. विरळणी केली नाही.

मी व्यवसायाने अर्जनवीस आहे. राजाजीनगरातील एका सरकारी कचेरीसमोर, पदपथावर, माझे टेबल आणि छत्री आहे. माझे शालेय शिक्षण नववीत थांबले. तथापि माझ्या हातच्या मजकुरावर पदवीधरांनी, इंजिनियरांनी आणि एकदा तर एका निवृत्त मुख्याध्यापकांनी एक शब्दही न बदलता सह्या केलेल्या आहेत, हे मी नम्रपणे परंतु ठामपणे नमूद करतो. कानडीत आणि इंग्रजीत मी रोज लिहितो. मराठी मात्र घराची, प्रार्थनेची आणि भांडणाची भाषा. तीत लिहिण्याचा प्रसंग क्वचित. शिवाय प्रस्तुत मजकूर कोणत्याही कार्यालयास उद्देशून नाही. त्यामुळे मायना काय घालावा, हे मला आयुष्यात प्रथमच सुचलेले नाही.

आम्ही ख्रिस्ती. वडील नगरकडून इथल्या एका सरकारी कारखान्यात फिटर म्हणून आले आणि इथलेच झाले. सरोजाक्कांचे घराणे त्याहून पुष्कळ जुने; कुठल्याशा सरदाराच्या पागेबरोबर त्यांचे पूर्वज या गावी उतरले, असे त्या सांगतात. त्यांची मराठी कानडीच्या पाण्यात इतकी मुरली आहे की पुण्याहून आलेला माणूस ती ऐकून प्रथम हसतो आणि नंतर गप्प बसतो. आमच्या घराच्या दक्षिणेला, भिंत आणि न्हाणीघर यांच्यामध्ये, तांबड्या मातीची एक चिंचोळी पट्टी आहे. ती पट्टी माझी पत्नी रुथ हिची. कागदोपत्री ती माझ्या नावावर असली तरी तीवर माझा ताबा कधीच नव्हता.

त्या पट्टीत रुथ नाताळ पिकवत असे.

हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. आमच्या घरी नाताळच्या जेवणात कोंबडीचा रस्सा असे, पुलाव असे, फराळाचे डबे तर आधीपासून भरलेले असत; परंतु पानाच्या मध्यभागी जी असे ती नाताळची भाजी. गाजर, नवलकोल, वाटाणा, मुळा, असे सारे काही नारळाच्या दुधात, मिऱ्याच्या तिखटावर, मंद शिजवलेले. तिच्या आईची रीत. बाजारातले एक पानही त्यात चालत नसे. नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी, दहिवर असतानाच, रुथ पदर खोचून वाफ्यात उतरे. बेंगळुरूची ती थंडी! हाडात न शिरणारी, नुसती कातडीवर बसून राहणारी. मुळ्याच्या पाल्याला लव असते, तीवर पाण्याचे थेंब अडकलेले. हात घातला की मनगटाला खाज आणि गारवा एकाच वेळी लागे. गाजर उपटताना माती एक बारीकसा आवाज करी, ओठ सुटल्यासारखा. मग तो वास. ओली माती, हिरवट गोडी, आणि भिंतीपलीकडून येणारा अक्कांच्या अवऱ्याच्या वेलाचा तेलकट दरवळ. अवरे म्हणजे आपला पावटा. पण डिसेंबरात या गावातल्या गल्ल्यांना त्याचा जो वास सुटतो, तो दुसऱ्या कुठल्या गावच्या पावट्याला सुटत असेल असे मला वाटत नाही.

सारे काही नाताळालाच कसे तयार होते, हे मी तिला एकदा विचारले होते. मला वाटले, कॅलेंडरावर खुणा असतील. ती हसली.

"अक्कांच्या बाहुल्या बसल्या की गाजर," ती म्हणाली. "खंडेनवमीला त्यांच्या गाडीला हार पडला आणि रस्त्यावर कोहळा फुटला की वाटाणा. आणि बसवनगुडीच्या जत्रेतल्या भुईमुगाच्या शेंगा त्यांनी आणून दिल्या की मुळा."

"म्हणजे आपला नाताळ त्यांच्या सणांवर?"

"मग काय तुमच्या शिक्क्यांवर?"

एवढी वर्षे ती भिंतीपलीकडे पाहून पेरत आली, आणि अक्कांना त्याचा पत्ता नव्हता. त्या बाहुल्या मांडत, वाहनांना हार घालत, शेंगा फुंकर घालून खात. आणि अलीकडे आमचा नाताळ मातीत एकेक बोट वर येत असे. माझ्यासारख्या, शब्दांवर उपजीविका करणाऱ्या माणसालाही या व्यवस्थेबद्दल बोलावेसे कधी वाटले नाही. चालू असलेल्या गोष्टीविषयी अर्ज कोण करतो?

मग ते वर्ष आले. त्या वर्षीही अधिक महिना होता.

पावसाळ्यातच रुथचे जेवण तुटले. प्रथम आम्ही पित्त म्हणालो. नंतर डॉक्टरांनी जे नाव सांगितले ते मी इथे लिहीत नाही. त्या नावाला माझ्या घरात पुरेशी जागा मिळून गेली आहे. इस्पितळातल्या खाटेवर ती उशीला टेकून असे. खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची आणि पाण्याच्या काळ्या टाक्या दिसत. जेवणाचे ताट समोर आले की ती मान फिरवी. सगळ्याला लोखंडाची चव येते म्हणे. मी पेज नेली, फळे नेली, आमचा मुलगा समीर महादेवपुऱ्याहून, आपल्या ऑफिसातून, परदेशी पावडरींचे डबे घेऊन आला. ती एक चमचा घेई आणि आमच्या समाधानासाठी दुसरा.

एके दिवशी तिने स्वतःहून विषय काढला.

"वाफा रिकामाच आहे का हो?"

"आहे."

"तुम्ही पेरा. अक्कांच्या बाहुल्या बसल्या की गाजर, कोहळा फुटला की..."

"ठाऊक आहे मला सगळे."

"नाताळला मी घरी असेन. आणि ती भाजी मी खाईन. बाकी कुणी काही आणू नका." तिने माझ्याकडे पाहिले. "ती मात्र खाईन."

डॉक्टर जिन्यात मला म्हणाले, "त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या." हे वाक्य त्यांनी ज्या सुरात उच्चारले, तो सूर मी ओळखतो. कचेरीतले साहेब ज्या अर्जावर काहीच होणार नसते, त्या अर्जदाराशी याच सुरात फार प्रेमाने बोलतात.

त्या दिवसापासून माझ्यापुरता एकच विषय उरला. जगात दुसरे काही चालू आहे याची मी दखल घेतली नाही. बियाणे मी स्वतः निवडून आणले. माती कुदळली, शेणखत मिसळले, दोरी लावून ओळी आखल्या. कागदावरचा माझा समास जसा सरळ असतो तशाच त्या सरळ आल्या. आणि मी भिंतीपलीकडे पाहत बसलो. बाहुल्या बसेनात. आठवडे चालले होते, पाऊस थांबून थांबून पडत होता, आणि मी रिकाम्या ओळींशी उभा राहून अक्कांच्या ओसरीकडे पाहत असे. मला वाटे, वाट पाहणे हाच या शेतीचा भाग असेल. शेवटी बाहुल्या बसल्या. मी त्याच दिवशी गाजर पेरले. नवलकोलाची रोपे लावली. रस्त्यावर कोहळा फुटला, त्याच्या बिया आमच्या फाटकाशी उडाल्या, मी आत जाऊन वाटाणा टोकला. शब्दशः तिने सांगितले तसे. शब्दशः काम करण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

डिसेंबर लागला आणि रुथ घरी आली. समीरने तिला गाडीतून उचलून आणले. एवढ्या वर्षांत त्या घरात तिला कुणी उचलले नव्हते. उंबऱ्यावर तिने "अरे, पडशील" असे त्यालाच बजावले. खाट आम्ही वाफ्याकडच्या खिडकीशी लावली. तिने पडदा सारायला सांगितले, बाहेर पाहिले, आणि एकेक ओळ नजरेने तपासली.

"गाजर कधी पेरलंत?"

"बाहुल्या बसल्या त्या दिवशी."

"हं."

त्याच सुमारास अक्का जत्रेतल्या शेंगा घेऊन आल्या. गरम, मातीचा वास असलेल्या. पिशवी खाटेवर ठेवून त्या रुथच्या पायाशी बसल्या. रुथने एक शेंग हातात घेतली, फोडली नाही. नुसती बोटांत फिरवली.

"अक्का," ती म्हणाली, "यंदा अधिक होता का हो?"

"होता की! म्हणून तर सगळे सण मागे गेले. का गं?"

रुथने डोळे मिटले. मग हळूहळू अक्कांना सगळे सांगितले. अक्कांच्या तोंडाचा आ झाला, तो बराच वेळ मिटला नाही.

"अय्यो! म्हणजे इतकी वर्षं आमच्या बाहुल्यांवर तुमचं क्रिसमस चाललंय?"

"अधिकाच्या वर्षी मी थांबत नसे. गणपती गेले की गाजर पेरायचे, सगळंच एक पाऊल आधी करायचे. यंदा..." ती थांबली. "यंदा मला आठवलंच नाही."

"मला एकदा सांगायचं ना, रुथम्मा! मी हाक मारली असती भिंतीवरून!"

मी दाराशी उभा होतो. तिला आठवले नाही, हे तिने उघडपणे उच्चारलेले मी पहिल्यांदा ऐकत होतो. कुणाच्या लग्नात कोणती साडी नेसली होती, कोणत्या वर्षी कोणत्या ओळीला कीड लागली होती, हे जिच्या बोटांवर असे, ती हे विसरली होती. डॉक्टरांनी सांगितलेल्या नावाने मला जे समजले नव्हते ते त्या एका वाक्याने समजले. वाफ्यातली पाने खिडकीतून दिसत होती. कोवळी, हिरवी, निष्पाप, आणि फार मागे राहिलेली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले हे सांगताना मला माझी नेहमीची भाषा कामाला येत नाही. मी पहाट होताच वाफ्याशी जाऊन बसे. मातीत बोट खुपसून गाजराचा माथा चाचपे: काडीपेटीच्या काडीएवढा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. शेणाचे पाणी घातले, सरकीची पेंड भिजवून घातली. कुणीतरी म्हणाले, ऊन कमी पडते. तेव्हा मी घरातली स्टीलची ताटे आणून वाफ्याच्या उत्तरेला विटांना टेकवून उभी केली, जेणेकरून दुपारचे ऊन परतून पानांवर पडावे. आमच्या पाहुण्यांची सगळी ताटे तिथे ओळीने चमकत होती.

"गाजरांना जेवायला वाढलंय की आरसा दाखवताय?" खिडकीतून आवाज आला.

मी वर पाहिले. ती हसत होती. हसताना तिचे दात फार मोठे दिसले.

टेबलावर माझे लक्ष लागेना. एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांना घर रिकामे करण्यास मुदत हवी होती. असे अर्ज मी डोळे मिटून लिहीत आलो आहे. 'सबब विनंती की, अर्जदाराच्या वयाचा आणि प्रकृतीचा विचार करून मुदत वाढवून मिळावी.' तेवढे लिहिले आणि पेन थांबले. गृहस्थ म्हणाले, "काय झालं सार? शाई संपली?" मी म्हणालो, हो. ती संपली नव्हती. मला एवढेच दिसत होते की कुणाच्या तरी नावाने हा मजकूर मी हजारदा लिहिला आहे, आणि आता माझ्यापुरता तो कुठल्या खिडकीवर द्यावा, हे मला कुणी सांगू शकत नाही. त्या रविवारी प्रार्थनेला मी गुडघे टेकून इतका वेळ बसलो की मागच्या बाकावरच्यांना वाटले मला चक्कर आली. घरी आल्यावर समीरने तिला ते सांगितले.

"देवाकडे अर्ज करून आलात वाटतं?" ती म्हणाली. "मायना छोटा ठेवलात ना? तुमचा मायना वाचतानाच तो झोपेल."

समीरचे म्हणणे निराळे होते. "पप्पा, प्रॅक्टिकली बघा ना. मी ऑर्डर करतो सगळं, एकदम फ्रेश, ऑर्गॅनिक. दहा मिनिटांत डिलिव्हरी." ती नाही म्हणाली. मग स्वयंपाकघरात त्याने मला हळूच सुचवले: मंडईतून पाल्यासकट गाजरे आणू, पहाटे मातीत खोचू, आईसमोर उपटू. तिला काय कळणार? मी विचार केला. प्रामाणिकपणे सांगतो, मी होकार देणारच होतो.

"खोचा, खोचा," आतून आवाज आला. "आणि मलाही शेजारी खोचा. रुजले तर रुजले."

समीर खाली बसला. ओट्याला टेकून, लहानपणी बसत असे तसा. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोघेही, नळ गळत असल्यासारखे, नळाकडे बघत राहिलो.

मी तिच्यापुढे शेवटचा पर्याय ठेवला. जेवण पुढे ढकलू. नाताळ काय, मनात असेल तेव्हा नाताळ. जानेवारीच्या मध्यापर्यंत सारे काही अंग धरेल, तेव्हा आपण सगळे बसू, तू, मी, समीर, अक्का. मी हे फार व्यवस्थित मांडले. कारणे दिली. आवाज चढू दिला नाही. ती ऐकत राहिली. मी बोलायचा थांबलो तेव्हा तिने माझा हात घेतला आणि त्यावरची शाई अंगठ्याने पुसू लागली, जी कधीच जात नाही.

"मुदतवाढ?" ती म्हणाली.

मी हात मागे घेऊ लागलो, तिने सोडला नाही.

"उद्या मला खुर्चीवर बाहेर न्या," ती म्हणाली. "उद्या उपटायचं."

नाताळच्या आदल्या दिवसाची सकाळ धुक्याची होती. समीरने वेताची खुर्ची वाफ्याशी ठेवली, मी तिला शालीत गुंडाळून बसवले. अक्का भिंतीपलीकडे स्टुलावर चढून उभ्या होत्या, हातात सोललेल्या अवऱ्याच्या दाण्यांचे भांडे. मी खाली बसलो आणि पहिल्या गाजराचा पाला मुठीत धरला. धरला आणि सोडला. मला ते जमेना. हे कोवळे उपटणे म्हणजे पुढे काही नाही असे लिहून देणे आहे, अशी माझी भावना झाली, आणि त्या कागदावर मी सही करू इच्छित नव्हतो.

"सगळं नाही उपटायचं," रुथ म्हणाली. "एक सोडून एक. एक काढा, एक ठेवा."

"आणि ठेवलेले?"

"त्याला जागा होईल. पोसेल." ती भिंतीकडे पाहत होती. "पेरलं त्यांच्या सणावर ना? मग राहिलेलं त्यांच्या सणाला काढा. अक्का, संक्रांतीला घ्याल ना आमची गाजरं?"

"घेईन की," अक्का म्हणाल्या. आणि मग, आवाज सावरून, "पीक वेळेवरच आहे गं रुथम्मा. तुमचाच सण स्वल्प लवकर आला यंदा."

मी एक सोडून एक उपटत गेलो. करंगळीएवढी गाजरे. लिंबाएवढे नवलकोल. वाटाण्याच्या शेंगा चपट्या, आत दाणे नव्हते, नुसत्या दाण्यांच्या जागा होत्या. मुळा तर नावालाच. जत्रेच्या शेंगा आल्या तेव्हा पेरलेला, त्याची दोन बोटे उंचीची रोपे निघाली. सगळे मिळून एका सुपात मावले आणि सूप भरले नाही.

"एक द्या इकडे," रुथ म्हणाली.

मी गाजर पुढे केले. धुवायला नेऊ लागलो तर तिने मानेनेच नको म्हटले. शालीच्या टोकाला तिने ते पुसले, माती गेली न गेली तोच दातांखाली धरले, आणि तोडले. तो आवाज मी ऐकला. ती चावत राहिली. किती तरी वेळ. समीर तिच्याकडे पाहत होता, अक्का पाहत होत्या, मी मातीत गुडघ्यांवर बसून पाहत होतो. कंठ हलला. गिळले.

"गोड आहे," ती म्हणाली.

मीही एक तोंडात टाकले. गोड नव्हते. पाण्याची आणि पाल्याची चव होती. परंतु मी हे तेव्हा सांगितले नाही, आणि आजही तिच्या म्हणण्याला माझी हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी पानावर भाजी होती. अक्कांच्या अवऱ्यांनी तिला जरा अंग आणले होते. रुथ आमच्यात बसली. नारळाच्या दुधाचा रस तिने बोटाने चाखला, एक घास समीरच्या पानात ठेवला. शेजारच्या गल्लीत पोरे फटाके वाजवत होती. प्रार्थना तिने म्हटली. मला वाटले होते मी म्हणेन, पण तिने आधीच हात जोडले होते.

नवे वर्ष लागले. खिडकीतून ती वाफा पाही. पाने दाटत होती, रंग बदलत होता. ती रोज विचारी आणि मी मातीत बोट घालून सांगे: अंगठ्याएवढे झाले. आता त्याहून जाड. तिला ऐकून बरे वाटे, की मला सांगून, हे मला ठरवता आले नाही. शेवटी शेवटी तिने विचारणे थांबवले. मी सांगणे थांबवले नाही. खाटेजवळ उभा राहून मी सांगत असे, आणि एका सकाळी मी सांगत असताना समीरने मागून येऊन माझा खांदा धरला आणि म्हणाला, "पप्पा. पप्पा, थांबा."

संक्रांतीच्या दिवशी अक्का आमच्या दारी तिळगुळाची ताटली घेऊन आल्या नाहीत. दुःखाच्या घरी ती नेऊ नये अशी त्यांच्याकडची रीत. भिंतीपाशी नुसत्या उभ्या राहिल्या. तेव्हा मी सूप घेतले आणि वाफ्यात उतरलो. सांगितलेले काम मी कधी अर्धवट ठेवलेले नाही.

पहिले गाजर निघेना. दोन्ही हातांनी ओढावे लागले. निघाले ते वीतभर लांब, भरदार, गडद. त्याच्या दोन्ही अंगांना, जिथून मी दुसरी दोन उपटली होती, तिथे ते फुगून आले होते. मोकळी झालेली सगळी जागा त्याने घेतली होती. दुसरेही तसेच. तिसरेही. नवलकोल वाटीएवढे. वाटाणा टच्च. इतक्या वर्षांत त्या वाफ्याने असे पीक दिले नव्हते. सूप भरले, वर पाटी आणली, तीही भरली, आणि मी तिथेच मातीत बसून एक गाजर धोतराला पुसून खाल्ले.

गोड होते.

मला त्या क्षणी कुणाचा तरी इतका राग आला की मी ते अर्धे गाजर भिंतीवर फेकले.  अक्कांनी पलीकडे वाकून ते उचलले असावे. नंतर मला ते अंगणात कुठे दिसले नाही. पाटी मी त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती डोक्याला लावून घेतली.

समीर म्हणतो, पप्पा, घरात आता किती जागा आहे, एक खोली भाड्याने द्या. तो वाईट बोलत नाही. खरेच जागा आहे. खिडकीशी खाट नाही, मांडणीत डबे कमी, दोरीवर माझेच दोन सदरे. सगळीकडे जागा झालेली आहे. माझे काही पोसलेले नाही.

अधिक महिना पुन्हा आला. या वेळी मी कुणाच्या दाराकडे न पाहता, गणपती गेले त्याच दिवशी गाजर पेरले. माझे गणित बरोबर आहे. यंदा सारे काही नाताळाला वेळेवर तयार होईल. तिच्या हातून जे एका वर्षी निसटले, ते माझ्या हातून निसटणार नाही, आणि ते कुणाला दाखवावे हे मला ठाऊक नाही.

दुपार कलली. बाहुल्या एकेक करून आत गेल्या. भिंतीवर आता फक्त पोलीस उभा आहे.

"केलीत का विरळणी?" अक्का विचारत आहेत.

मी वाफ्याशी बसलो आहे. बोटांच्या चिमटीत दोन रोपे आहेत, केसांइतकी बारीक, एकमेकांना चिकटून उगवलेली. मुळे गुंतली आहेत. यातले एक काढायचे आणि एक ठेवायचे, एवढेच काम आहे.

"करतो," मी म्हणतो. "स्वल्प थांबा, अक्का."